शाळेची येळवस

हुमनाबादच्या बाजारात ओली तूर, वाटाणा आणि चिंच एकाच पाटीत दिसायला लागली की मी समजते, येळवस आली. त्या दिवशी शेतात पूजा करायची आणि तिथंच सगळ्यांनी जेवायचं. कॅलेंडरात तिला वेळा अमावास्या म्हणतात, पण कॅलेंडर बघून येळवस पाळणारं माणूस आमच्या भागात मला अजून भेटायचं आहे. आधी हवेत गारठा येतो, मग रानातल्या तुरी वाळायला लागतात, मग बायका आंबिलीची मडकी धुऊन उन्हात पालथी घालतात, आणि एखाद्या संध्याकाळी शेजारीण दारात उभी राहून विचारते की यंदा तुम्ही कुणाच्या शेतात. हा प्रश्न मला फार आवडतो. एरवी वर्षभर लोक बदली, बढती, पोरांचे मार्क असलं काहीबाही विचारून जीव खातात. या एका आठवड्यात मात्र त्यांना एवढंच जाणून घ्यायचं असतं की तुम्ही जेवायला कुठं आहात.

माझ्या आत्ताच्या शाळेसमोरून हायवे जातो. पुण्याकडच्या आणि हैदराबादकडच्या लॉऱ्या दिवसभर धडधडत असतात आणि कविता शिकवतानाही मला भांडल्यासारखा आवाज काढावा लागतो. पण भज्जीची, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीची, निवडानिवड करायला बसले, तुरीची ओली शेंग नखानं उकलली, तो हिरवट वास आला, की हायवे आपोआप गप्प होतो. मी ठाणाकुशनूरच्या अलीकडच्या त्या लहान गावात जाऊन पोचते, जिथल्या सरकारी मराठी शाळेत मी कैक वर्षं काढली. ती सगळी वर्षं काही आठवत नाहीत. एकच हिवाळा आठवतो. तो मात्र इतका नीट आठवतो की त्या दिवशी आंबिलीत मीठ जरा जास्त पडलं होतं, हेही मी सांगू शकते.

त्या शाळेचं मैदान म्हणजे मुरमाचा टणक पट्टा. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला वर्गखोल्या आणि मध्ये ऊन. प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं एकमेकांच्या सावलीत सरकायची, त्यामुळे रांग कधी सरळ राहिली नाही. आमचे हेडसर, बिरादार सर, आळंदकडचे. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि साहेब तपासणीला आले की दोन्हींची खिचडी. गावातल्या झाडून सगळ्या बायांना ते अक्का म्हणायचे, मलासुद्धा. शाळा हिरवी करायची, हे एका वर्षी त्यांच्या डोक्यानं घेतलं. सुरुवात रंगानं झाली. भिंतीवर झाडं आली, झाडांवर पोपट आले, पोपटांच्या तोंडी पाणी वाचवा असा उपदेश आला. आमच्याकडं हिरवाई आधी भिंतीवर उगवली आणि मैदान होतं तसंच तापत राहिलं.

मग जून आला, आणि सर म्हणाले की आता खरी झाडं लावू. फाटकापासून वर्गांपर्यंत, मैदानाच्या बरोबर मधून, कडुलिंब आणि करंजाची एक ओळ. म्हणजे पोरं शाळेत येतील ती सावलीतून येतील. कल्पना ऐकूनच आम्ही सगळे हरखलो. मुरूम फोडायचा म्हणजे गंमत नव्हे, म्हणून गावाला हाक दिली. पहार घेऊन सगळ्यांत आधी आले ते काशिनाथ अण्णा. गावातले मातब्बर शेतकरी, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि दुपारपर्यंत खड्डे खणून दिले. ओळ वाकडी होते म्हणून सरांशी वाद घातला, दोरी मागवली आणि ती अगदी मैदानाच्या मधोमध धरायला लावली. त्या दिवशी अण्णांनी आमच्यासोबत बसून पोह्यांच्या दोन बश्या खाल्ल्या. पुढं काय होणार आहे हे आमच्यातल्या कुणाच्याच, अगदी अण्णांच्याही ध्यानात आलं नाही. जूनमध्ये चिखल तुडवत उभ्या असलेल्या माणसाला जानेवारी आठवत नाही, एवढंच त्याचं कारण.

रोपं लागली आणि आमच्या शाळेचं सगळं वेळापत्रक त्यांच्याभोवती फिरायला लागलं. दुपारच्या जेवणाला आमच्याकडं बिसीऊट म्हणतात. ते झालं की पोरं पूर्वी नळाखाली हात धुवायची आणि पाणी फाटकाबाहेर जाऊन डबकं व्हायचं. आता हात धुवायचे ते झाडाच्या आळ्यात. त्यावर देखरेख ठेवायला कुणी नेमलेलं नव्हतं, पण सहावीतल्या महानंदानं ते काम स्वतःकडं घेतलं. महानंदा म्हणजे मोठी कामाची पोर. एका वेणीला लाल रिबीन, दुसऱ्या वेणीला जी मिळेल ती. तिचे आईबाप दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायचे आणि ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. ती आळ्यांजवळ उभी राहायची आणि कुणी सरळ नळाकडं निघालं की त्याला हाताला धरून परत आणायची. एकदा मी चहाचा कप विसळून पाणी बाहेर टाकलं, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तसं करायला धजले नाही.

ऑगस्टात पावसानं दडी मारली. घरी जाताना प्रत्येकानं बाटलीतलं उरलेलं पाणी आपापल्या झाडाला द्यायचं असं ठरलं. झालं काय, की पोरं दिवसभर तहान मारून पाणी उरवायला लागली. मला ते कळलं तेव्हा मी चांगलीच रागावले. आधी तुम्ही प्या, मग झाड, असं वर्गात सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पोरांनी मोठ्या बाटल्या आणल्या. त्या ओळीतलं एकही झाड गेलं नाही, आणि खरं सांगते, मी माझ्या नोकरीत पुष्कळ निकाल बघितले, पण त्याचा आनंद मला जास्त झाला.

येळवशीच्या आधीच्या आठवड्यात अण्णा फाटकात येऊन उभे राहिले. आत काही आले नाहीत. मैदानाकडं बघत राहिले, मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि मला हाक मारली.

"बाई, ही झाडं मध्यातच कामून लावलाव?"

माझ्यामागून पोरं म्हणाली, "तुमीच खड्डे खंदलाव की, अण्णा."

अण्णा हसले नाहीत. त्यांची अडचण खरी होती. त्या गावाची सगळी जमीन काळी. हिवाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात आत जावा. शेतात तूर मळली तर अर्धं धान्य भेगांतच जाणार. म्हणून शाळा नव्हती तेव्हापासून गावाचं खळं या मुरमावर होतं. अण्णांचे वडील इथं बैलांनी तूर मळायचे, आता अण्णा मळणीयंत्र आणतात. आणि त्या यंत्राला, ते ओढणाऱ्या ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, ती नेमकी मधली. आपल्याच पहारीनं अण्णांनी आपल्याच खळ्याचे दोन तुकडे केले होते.

शाळा समिती बसली. बैठक मोठी शांत झाली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. कुणी आरडाओरडा केला असता तर मलाही करता आला असता. पण सगळे समजूतदारपणे बोलत होते. झाडं वाढायला वर्षं लागतात, तूर तर दारात आली आहे, असं म्हणत होते. शेवटी ठरलं, की येळवस झाली की झाडं उपटायची आणि भिंतीच्या कडेनं लावायची. बिरादार सरांनी मान हलवली. मुळं आता कुठं मुरमात उतरली आहेत, या दिवसांत उपटलेलं झाड जगत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतं. सर बाहेर येऊन भिंतीवरच्या पोपटांकडं बघत उभे राहिले. मी पोरांना काय सांगायचं याचा विचार करत होते, पण सांगायची वेळ आलीच नाही. खिडकीशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा रंग उडाला होता. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी विचारलं, की यंदा येळवशीला कोण कुणाच्या शेतात जाणार. एकेक जण सांगत गेला. आमचं शेत ओढ्याजवळ, आमचं देवळामागं, आम्ही मामाकडं जायलाव. महानंदाची पाळी आली तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आमाला शेत न्हाई, बाई. कुणी बोलवलं तर जाताव." त्यात कसलीही तक्रार नव्हती. आमच्याकडं येळवशीला कुणी उपाशी राहत नाही, वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवू घालतात. पण बोलावणं आलं म्हणून जाणं आणि आपण बोलावणं यांतला फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

येळवशीच्या सकाळी शाळेला सुट्टी होती. मी गावातच खोली करून राहायचे. नेमकं कुणाच्या शेतात जावं या सुखाच्या पेचात होते, कारण तीन घरची बोलावणी होती आणि भज्जी तिन्हीकडं उत्तम व्हायची. शाळेवरून जाताना फाटक उघडं दिसलं. आत पोरं. प्रत्येकानं घरून कडब्याच्या दोन-चार पेंढ्या आणल्या होत्या आणि मधल्या कडुलिंबाला लागून कोप, म्हणजे कडब्याची खोपी, उभी केली होती. शेतात पूजेला करतात तशीच, तोंड पूर्वेकडं, फक्त एवढी बुटकी की तिच्यात मोठं माणूस मावलं नसतं. आत पाच दगड मांडलेले, चुन्यानं पांढरे केलेले, त्यांवर काव ओढलेली. महानंदाच्या आईनं आंबिलीचं मडकं आणून ठेवलं होतं. बाकी पोरांनी आपापल्या घरची थोडी थोडी भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, बाजरीच्या भाकरी आणल्या होत्या. आपल्या शेतात जायच्या आधी सगळे इथं थांबले होते. प्लॅस्टिकच्या ताटल्या चालणार नाहीत असं महानंदानं आधीच बजावलेलं दिसत होतं, कारण पळसाच्या पानांचे द्रोण लावायचं काम जोरात चालू होतं आणि ते गळत होते.

मी विचारलं, हे काय चाललंय. महानंदानं दगडांवर हळदकुंकू वाहता वाहता सांगितलं, की आम्ही पेरलं, आम्ही पाणी घातलं, मग हे शेतच की. मला वाटतं पर्यावरण या विषयाचे मी शिकवलेले सगळे धडे तिनं त्या एका वाक्यात उरकून टाकले. झाडे लावण्याचे फायदे लिहा, या प्रश्नाला आमच्याकडं पोरं प्राणवायू, पाऊस, सावली असं ओळीनं लिहितात आणि मी ओळीनं मार्क देते. त्यात चूक काही नाही. पण शेत म्हटल्यावर माणूस जसा वागतो तसा तो फायद्यांच्या यादीपुढं वागत नाही.

तेवढ्यात रस्त्यानं काशिनाथ अण्णा चालले होते. पांढरं धोतर, नवा फेटा, मागं डोक्यावर मडकं घेतलेली अण्णांची कारभारीण. महानंदा पळत फाटकापर्यंत गेली.

"अण्णा, या की. आमच्या शेतात जेवून जावा."

अण्णा थबकले. येळवशीला शेतातून हाक आली की नाही म्हणायचं नसतं. अण्णांनी आजवर अशा हाका मारल्या होत्या, ऐकल्या नव्हत्या. गावातली सगळ्यात मोठी कोप त्यांच्या शेतात पडायची, तिथं रस्त्यावरच्या लॉरीवाल्यांनाही बसवून वाढलं जायचं. त्यांनी कोपीकडं बघितलं, ओळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. यात आपला काही हात नाही हे मी चेहऱ्यावर दाखवायचा प्रयत्न केला. अण्णांनी चपला फाटकाबाहेर काढल्या. शेतात पूजा असली की काढतात तशा.

ते मांडी घालून बसले आणि जेवले. पोरं त्यांच्याकडं टक लावून बघत होती, त्यामुळे जेवण काही सुखाचं झालं नसावं. आंबिलीचा द्रोण त्यांच्या मिशांवर गळला. त्यांनी तो संपवला आणि म्हणाले की मीठ जास्त झालंय. महानंदाच्या आईचा चेहरा पडला. मग अण्णांनी दुसरा द्रोण मागितला. तोही संपवून, मिशा पुसून त्यांनी महानंदाला जवळ बोलावलं.

"तुज्या शेताची हद्द कुठवर हाय?"

 महानंदानं तांब्यात आंबील घेतली, त्यात लिंबाची डहाळी बुडवली आणि मोठी माणसं शेताला फेरी घालतात तशी ती निघाली. फाटकापासून वर्गांपर्यंत एका बाजूनं, मग वळून दुसऱ्या बाजूनं, डहाळीनं आंबील शिंपडत. बाकी पोरं मागून ओरडत चालली. तिनं फार जागा घेतली नाही. झाडांच्या दोन्ही अंगांना हातभर सोडून ती चालत होती, जणू तिला माहीत होतं की शेजाऱ्याला जागा लागते. मुरमावर पांढुरके ठिपके पडत गेले. अण्णा बसल्या जागेवरून ते शेवटपर्यंत बघत होते. मग उठले, बरं म्हणाले, आणि कारभारणीला घेऊन आपल्या शेताकडं गेले.

संध्याकाळी बिरादार सर मोटारसायकलवर आले. त्यांना सगळं कळलं होतं. कोपीपुढं हात जोडून ते मला म्हणाले, "अक्का, आता हे आपल्या हातात राहिलं नाही बघा." आणि फार दिवसांनी हसले.

पुढच्या आठवड्यात मळणीयंत्र आलं. मी वर्गात शिकवत होते, पण माझं लक्ष कुठं असणार. ट्रॅक्टर फाटकातून आत आला, थांबला. अण्णांनी खाली उतरून ठिपके शोधले. ते केव्हाच वाळून उडून गेले होते, म्हणून त्यांनी पोरांना बोलावून विचारलं आणि हद्दीवर दगड ठेवून घेतले. मग एका बाजूला यंत्र लावलं, दुसऱ्या बाजूला ताडपत्री पसरली. ट्रॅक्टर वळवायला जागा नव्हती, तर ड्रायव्हरला प्रत्येक खेपेला उलटा चालवत आणायला लावला. तो बिचारा दिवसभर मान वळवून वळवून वैतागला. अण्णांनी मात्र ते मनावर घेतलं नाही. मळणी झाली तेव्हा तुराट्यांचे भारे झाडांजवळ टाकले, पोरांनी त्यांची कुंपणं केली. भुसकट आळ्यांत पसरलं. त्यांच्यामागून ज्या ज्या घरची तूर खळ्यावर आली, त्यांनी तेच केलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण खळ्यावर आलं की चार तुराट्या तिथं ठेवायच्या हा रिवाजच होऊन बसला. उन्हाळाभर पाणी कमी लागलं ते त्या भुसकटामुळं. आणि पुढच्या जूनमध्ये एका सकाळी आळ्यांतून तुरीची रोपं वर आलेली दिसली, सांडलेल्या दाण्यांची. महानंदा ती सगळ्यांना दाखवत हिंडली. शेतात पीक आलं होतं.

मी त्या गावातून बदलून आले त्याला आता बरीच वर्षं झाली. बिरादार सर निवृत्त होऊन आळंदला गेले. महानंदा बीदरला शिकते, तिला शिक्षिका व्हायचं आहे. तिचा फोन आला, बाई, यंदा कुणाच्या शेतात? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ती म्हणाली, मग या.

गेले. ओळीतले लिंब आता वर्गांच्या पत्र्यांहून उंच झाले आहेत. पोरं सावलीतून शाळेत येतात, आणि प्रार्थनेची रांग तरीही वाकडी असते असं तिथल्या नव्या बाई सांगत होत्या. कोप त्याच जागी, आता मोठी, तिच्यात माणूस बसू शकतं. महानंदाची आई अजून दुसऱ्यांच्याच शेतावर जाते. पण येळवशीला ती बोलावणं करते. निम्मं गाव आपल्या शेतात जाण्याआधी इथं द्रोणभर आंबील पिऊन जातं. अण्णा थकलेत, लांब चालवत नाही, म्हणून आता ते दुपारपर्यंत इथंच लिंबाखाली बसतात आणि मिठाबद्दल बोलतात. मी त्यांच्या शेजारी बसून दोनदा भज्जी घेतली. लिंबाच्या फटींतून ऊन येत होतं, पायाखाली मुरूम गार होता. मला कशाचीही घाई नव्हती.

तेवढ्यात फाटकातून ट्रॅक्टर आत शिरला. मागं ट्रॉलीत बाया, पोरं, मडकी, सगळं अण्णांचंच कुटुंब, शेताकडं निघालेलं. ट्रॅक्टर चालवत होता नवा जावई, उदगीरकडचा. भिंतीला आता मागंही एक फाटक झालंय, त्यानं ओढ्याची वाट जवळ पडते, म्हणून त्यानं मैदानातून, दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेतून सरळ घालायला घेतलं. अण्णा हातातला घास तसाच धरून उठले. मला वाटलं पडतील. ते दोन पावलं पुढं झाले आणि हात आडवा केला.

"तितून नका, पावनं. तितं शेत हाय."

जावयानं इकडंतिकडं बघितलं. झाडं, भिंत, भिंतीवरचे पोपट. "कुणाचं?" त्यानं विचारलं.

"महानंदाचं," अण्णा म्हणाले. "लांबून घ्या."

जावयानं ट्रॅक्टर मागं घेतला आणि भिंतीच्या कडेनं वळवून नेला. महानंदा मडक्याजवळ उभी होती, तिनं ऐकलं होतं.  अण्णा परत येऊन बसले, तेव्हा तिनं त्यांच्या पानावर न विचारता आणखी एक उंडा वाढला.